मुठेलावरची चार बोटं

आये, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुझा मार चुकवायलाच बघते आहे. लांज्याच्या आपल्या पडवीत तू कोकमाच्या बिया कुटून उकळायचीस, वर आलेलं तेल पातेल्यात काढून निवत ठेवायचीस. ते एकदम धरत नसे. इथे एक पांढरा ठिपका, तिथे दुसरा. ठिपके पसरत, एकमेकांना भिडत आणि भिडत तिथे रेघ राही. मी त्या रेघेत बोट घालते आहे आणि तू पळी माझ्या हातावर मारते आहेस. "हात काढ मेले. धरतंय ते, धरू दे त्याला." मग अर्धवट धरलेलं तेल मुठीत दाबून तू मुठेल वळायचीस, आमच्या फुटक्या टाचांसाठी.

त्या रेघांवरच माझी भाकरी चालते, हे तुला कधी सांगितलंच नाही. विश्व अगदी नवं आणि तापलेलं होतं. ते निवताना असंच जागोजागी वेगवेगळं धरलं असावं, असा आमचा अंदाज. जिथे जुळलं नाही तिथे धागे राहिले, आणखी निवल्यावर त्या धाग्यांमध्ये भिंती ताणल्या गेल्या. त्या भिंती टिकल्या असत्या तर त्यांनी सगळं गिळलं असतं. तू नाहीस, मी नाही, लांजा नाही. पण त्यांनी आपल्याच धाग्यांना ओढून घेतलं आणि दोन्ही संपलं. मागे ॲक्सिऑन नावाचे कण उरले असतील, अजून कुणाला सापडलेले नाहीत. पुसून गेलेल्याची खूण शोधण्यात माझं वय गेलं.

गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या एका कॉलेजात हे मुलांना सांगायचं होतं. तू वळलेलं शेवटचं मुठेल ताईने डब्यात जपलं होतं, त्यावर तुझ्या चार बोटांचे खळगे. तुझ्या तिथीला ती त्यांत आपली बोटं ठेवून बसते. मी ते मागून नेलं. बाजारात हवी तेवढी मिळाली असती, पण मला तुझंच मिरवायचं होतं.

"वितळवू नको हां गो," ताई म्हणाली.

"नुसतं दाखवणार," मी म्हटलं.

फळ्यावरच्या आकृत्या बघून मुलं जांभया द्यायला लागली आणि मला राहवलं नाही. मुठेल वाटीत घातलं आणि वाटी दिव्यावर ठेवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तेल निवलं, रेघा सुरेख उमटल्या. एका मुलीने विचारलं, "मॅडम, वितळायच्या आधी ते कसं होतं, हे यावरून कळेल?"

मी वाटीत पाहिलं. नाही, म्हणाले. तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं. आये, मला फार लाज वाटते.

तिथल्या तिथेच, मुलं गेल्यावर, मी ते तेल माझ्या मुठीत दाबलं आणि डब्यात ठेवलं. हे पत्र ताईच्या हाती लागू नये म्हणून चुलीत घालणार आहे. काल तुझी तिथी होती. तिने डबा उघडला, बोटं ठेवली, बराच वेळ बघत बसली.

"आयेची बोटं येवढी लांब होती गो?"

मी हो म्हटलं.