टाकीमागचं तळं

३ जानेवारी
लँडस्केप आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. गेल्या वर्षीही शेवटचंच होतं, पण तेव्हा परीक्षकांची तयारी कमी पडली. यंदा थीसिसला झकास जागा मिळाली आहे. पाण्याच्या टाकीमागे मोकळी जमीन पडून आहे, तिथे बाग करायची. टाकीचं डोकं आमच्या गॅलरीतून दिसतं, म्हणजे साइट चोवीस तास नजरेसमोर.
बाबा म्हणाले, या वेळी नापास झालास तर मामाच्या दुकानात बसायचं. मामाचं फरशा आणि पेव्हर ब्लॉकचं दुकान आहे. ज्या माणसाने अर्ध्या शहराची माती झाकून टाकली, त्याच्या हाताखाली मी? त्यापेक्षा पास होणं सोपं.
संकल्प: रोज सहाला उठणे.

४ जानेवारी, सकाळी साडेनऊ
उठलो.

११ जानेवारी
कॉलेजातून नकाशा मिळाला. त्यावर कंटूर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या रेषा. रिंगणात रिंगण, त्यात आणखी रिंगण. बघताक्षणी ओळखलं, हा मोठा वाडगा आहे. मधोमध तळं! टाकी शेजारीच, म्हणजे भरायची सोय. दुधात साखर.
प्रत्येक रेषेवर बारीक आकडे होते. उंचीचे असावेत. फार गिचमिड वाटायला लागलं, म्हणून कॉम्प्युटरवर आकड्यांचा लेयर बंद केला. शीट कशी स्वच्छ दिसते आता.

१९ जानेवारी
वर्गातली टॉपर म्हणाली, तुझ्या साइटवर मोजमापाला येते, टेप धरायला कोणीतरी लागतंच. म्हटलं, जागा आधी बघितली की कल्पनेला पायबंद बसतो. ती म्हणाली, बरं. प्रभावित झाली असावी.

२ फेब्रुवारी
आई रोज संध्याकाळी टाकीकडे फिरायला जाते. आज धापा टाकत आली. म्हणाली, पार वरपर्यंत जाऊन आले. नकाशात उत्तर दिशा वर असते, त्यामुळे लोक उत्तरेला वर म्हणतात. तिला समजावलं की साध्या चालण्याने एवढा दम लागतो म्हणजे स्टॅमिना नाही, व्यायाम वाढव. ती म्हणाली, एकदा चल की माझ्याबरोबर. म्हटलं, त्याच जागेचं काम डोक्यावर आहे, फिरायला वेळ कुठला?

१६ फेब्रुवारी
गाइड मॅडमना शीट दाखवली. त्यांनी विचारलं, उंचीचे आकडे कुठे आहेत? म्हटलं, फायनलला येतील. मग विचारलं, जागेवर जाऊन आलास का? म्हटलं, राहायलाच जवळ आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, आधी जाऊन ये, मग बोलू.
म्हणजे आता फायनलपर्यंत बोलणं नाही. बराच वेळ वाचला.

१ मार्च
उद्या साइटवर जाणे. नक्की.

२ मार्च
ऊन फार होतं. शिवाय बूट सापडले नाहीत.

९ मार्च
मॉडेल झालं. थर्माकोलच्या चकत्या आईने कापून दिल्या, पण विचार माझा. मधोमध निळा चकचकीत कागद, त्यावर कमळं. आईने विचारलं, हे काय आहे? म्हटलं, टाकीमागची जागा. तिने बराच वेळ बघितलं, मग मॉडेल उचलून पालथं घातलं. म्हणाली, असं ना रे?
दोन कमळं तुटली. बिचारीला मॉडेल कसं धरायचं तेही माहीत नाही.
नीट समजावायला लागलो तर बाबा पेपराआडून म्हणाले, सोड गं, पालथ्या घड्यावर पाणी. तिला एवढं बोलायला नको होतं.

२८ मार्च
उद्या ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर शेवटची परीक्षा. शीट्स तयार. पास झाल्यावर मामाशी कसं बोलायचं याचा सराव आरशासमोर केला. आवाज शांत ठेवायचा. त्याला कमीपणा वाटता कामा नये.

२९ मार्च
बाहेरून आलेले परीक्षक सज्जन वाटले. कमळं आवडली म्हणाले. मग म्हणाले, आकड्यांचा लेयर चालू करा बघू.
केला. आत जावं तसे आकडे वाढत गेले. तळ्यापाशी सगळ्यात मोठे.
परीक्षकांनी हळूच विचारलं, टेकडीच्या माथ्यावर तळं? म्हटलं, टेकडी खणता येईल. ते म्हणाले, अख्खी? मग त्यांनी विचारलं, आणि हे पाणी खाली आलं तर उताराला कोण राहतं?
म्हटलं, आम्ही.
मॅडम चष्मा पुसत होत्या.

३० मार्च
नापास. बाबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. मामाला त्यांनीच फोन केला. सोमवारपासून दुकान. मामा सहाला शटर उघडतो.

३१ मार्च, संध्याकाळ
आईबरोबर टाकीकडे गेलो. बूट दाराशीच होते. चढ चांगलाच आहे. ती पुढे, मी मागे, आणि माझ्यासाठी तिला वाटेत थांबावं लागलं. स्टॅमिन्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.
माथ्यावर वारा छान येतो. खाली आमची गॅलरी दिसते, बाबांचा टॉवेलसुद्धा. बाग इथे खरंच चांगली झाली असती. फार वाईट वाटलं.
तहान लागली होती. पाणी मी नेलं नव्हतं, आईने आणलं होतं. माझं पिऊन झाल्यावर तिने विचारलं, तळं कुठे होतं रे तुझं?
म्हटलं, बसलोय तिथेच.
भिजू नयेत म्हणून तिने चपला उचलून जरा लांब ठेवल्या.