डाव्या हाताची चिठ्ठी

रविवार, १ सप्टेंबर

टाकली! चर्चच्या दाराशी प्रार्थनेची पेटी आहे, तिच्यात. नाव लिहायचं नसतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं — नुसते कोंबडीचे पाय! "आपल्यातल्या एका बहिणीला फार गर्व झाला आहे. प्रभूने तिला नम्र करावं."

बहीण म्हणजे आमच्या मोठ्या जाऊबाई. बावीस वर्षं ऑर्गन वाजवतात. आज गाण्याच्या मधेच थांबल्या, चष्म्यावरून बघितलं (चष्मा मीच करून दिलेला, आमच्या दुकानातून) आणि म्हणाल्या, "खालचा सूर धरणाऱ्यांचं झालं की सांगा, मग पुढे जाऊ." खालचा सूर धरणारी अख्ख्या मंडळीत मी एकटी! सगळे हसले. हेसुद्धा — माझा सख्खा नवरा!

ही काही चुगली नव्हे. प्रार्थनाच आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर

वाचली! चिठ्ठ्या पाळकसाहेब आधी आपल्या खोलीत बघतात, मग सभेत वाचतात. दोन आजारपणं, एक परीक्षा, एक हरवलेलं मांजर — आणि मग, "आपल्यातल्या एका माणसाला गर्व झाला आहे. प्रभू, त्याला नम्र कर." शब्द जरा मऊ केलेत. भिडस्तच आहेत ते. चालेल.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक उघडा ठेवला. जाऊबाईंचे कान लालबुंद! बाण बरोबर बसला. आमेन सगळ्यांत मोठ्यांदा मीच म्हटलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

हसून हसून पुरेवाट. सकाळी शिंपीणबाई दुकानात आल्या. "ती चिठ्ठी माझ्यावरच ना गं? नव्या फ्रिजबद्दल जरा जास्तच बोलले मी." दुपारी निवृत्त हेडमास्तर. नंबर तपासताना, हनुवटी यंत्रावर टेकवून विचारतात, "खरं सांगा, मी लोकांना गर्विष्ठ वाटतो का?" मी म्हटलं, "वरची ओळ वाचा." घड्याळजींनी तर बायकोची माफी मागितली म्हणे. तीस वर्षांत पहिल्यांदा! ती बिचारी घाबरून डॉक्टरांकडे घेऊन निघाली होती त्यांना.

एका चिठ्ठीत अर्धी मंडळी सुधारली. कौतुक वाटलं स्वतःचं.

रविवार, ८ सप्टेंबर

ऑर्गनचं झाकण बंद. जाऊबाई शेवटच्या बाकावर. पाळकसाहेबांना म्हणाल्या, "देवासमोर वाजवायची माझी लायकी नाही."

गाणं घड्याळजींनी सुरू केलं. इतक्या वर, की दुसऱ्या कडव्यात सगळे चवड्यांवर उभे. तिसऱ्यात फक्त घड्याळजी उरले. एरवी मी हसून लोळले असते. पण मला माझा खालचा सूरच सापडेना. इतकी वर्षं तो मला ऑर्गनवरून मिळत होता. मला वाटायचं, माझाच आहे.

बाहेर पडताना मोठे दीर हळूच म्हणाले, "घरीही नीट जेवत नाही गं ती."

हेच तर मागितलं होतं मी! मग माझा घास का उतरत नाही?

सोमवार, ९ सप्टेंबर

डावी काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक चष्मा घालून निघालं ते थेट दाराच्या चौकटीवर.

मंगळवार, १० सप्टेंबर

गुडघे टेकले. "प्रभू, क्षमा कर." तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा मनात एकच — आधी तिच्याकडे जा. मी म्हटलं, रविवारी जाते. पुन्हा तेच. म्हटलं, फोन करू का? छे! सुटकाच नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस. कुसळं दिसतात ना बरोबर?" आणि हसले. मी चिडले. मग मलाही हसू आलं, आणि मग रडूच कोसळलं.

लाज वाटते. रागावले असते, भांडले असते, तर एक वेळ ठीक. मी देवाला पोस्टमन केलं — आणि तेही निनावी पत्र पोचवायला!

बुधवार, ११ सप्टेंबर

दुकान उघडायच्या आधी गेले. दोनच वाक्यं पाठ केली होती. त्यांनी दार उघडलं आणि पहिलंच विसरले.

"ताई, ती गर्वाची चिठ्ठी मी लिहिली. तुमच्यावर. मला क्षमा करा."

त्या चपलांच्या कपाटावरच बसल्या. "अगं, ती तर मी लिहिली!"

मला वाटलं, मला सांभाळून घेतायत. "तुम्ही? कुणावर?"

त्या बघतच राहिल्या. बघतच राहिल्या! "'घरातल्या धाकटीला आपण कधी चुकतो असं वाटतच नाही, प्रभूने तिचे डोळे उघडावेत.' — असं लिहिलं होतं. साहेबांनी शब्द बदलून वाचली, पण मी ओळखली. तेव्हापासून ऑर्गनला हात लावायचं धाडस होईना."

मला? गर्व? कसा काय, असं विचारायला तोंड उघडलं — आणि तसंच मिटलं.

"मी तुला काय क्षमा करणार?" त्या म्हणाल्या. "माझीही त्याच पेटीत पडली होती." मग म्हणाल्या, "पण केली हो. कधीच केली." मीही केली. दोघी रडलो, आणि मग इतक्या हसलो की दीर दाढीचा साबण तसाच घेऊन बाहेर आले. दुकान अर्धा तास उशिरा उघडलं. खूप हलकं वाटतंय.

रविवार, १५ सप्टेंबर

जाऊबाई वाजवत होत्या. मी एकदा चुकले. त्यांनी थांबवलं नाही, नुसता डावा हात पट्ट्यांवर जोरात दाबला, खालचा सूर मला नीट ऐकू यावा म्हणून.

नंतर दोघी पाळकसाहेबांकडे गेलो, कबूल केलं. ते म्हणाले, "तुमच्या दोन्ही चिठ्ठ्या मी फाडून टाकल्या होत्या. वाचल्याच नाहीत सभेत. त्या बघून मनात आलं, 'बरं झालं बुवा, मी असा नाही.' तेव्हा तिसरी लिहिली — स्वतःवर."

मी म्हटलं, "मग आमेन मी कुणासाठी म्हटलं?"

"माझ्यासाठी. आणि सगळ्यांत मोठ्यांदा. लागू पडलं बरं का!"