साहेबाला सोबती

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी बदललं. सहा बादल्या काढल्या, सहा घातल्या. मासेवाला म्हणाला होता, तारीख लिहून ठेवत जा, नाहीतर विसरता. म्हणून ही वही. चौथीनंतर पेन धरलं ते पगाराच्या सहीपुरतंच.

मासा आजही कुशीवर पडून. मेलेला नाही, कल्ले हलतात. रुसलाय.

४ फेब्रुवारी, बुधवार

माशाचं नाव साहेब. जात ऑस्कर. फूटभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे. बघतो असा की आपलंच काहीतरी चुकलंय. ह्यांच्या पहिल्या बायकोने पाळलेला. ती जाऊन तीन वर्षं झाली, मला लग्न करून येऊन पाच महिने. मागे हा मासा राहिला आणि तिची आई राहिली. म्हातारीला एका भाच्याशिवाय कोणी नाही.

साहेबाबरोबर एक चपटा, चांदीसारखा मासा होता. तो मागच्या महिन्यात मेला. तेव्हापासून साहेब खात नाही आणि म्हातारी टाकीसमोरचं स्टूल सोडत नाही. मला म्हणाली, "बाई, तुम्ही पाण्यात काही घातलंत का?" मी! दवाखान्याच्या धुलाईत दिवसाला दोनशे चादरींना इस्त्री मारते. मासे मारायला सवड कुठे?

५ फेब्रुवारी, गुरुवार

मिठाचा डबा ओट्यावर उजवीकडे ठेवला. माझा हात तिथेच जातो. कामावरून आले तर डबा परत वरच्या फळीवर. "माझी लेक तिथेच ठेवायची." पाच महिने हेच चाललंय. मीठ, साखर, चहा – मी खाली, ती वर. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, पण डब्यासाठी स्टुलावर चढते. पडली तर? उचलायची मीच.

७ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना सांगून टाकलं. ती तरी राहील नाहीतर मी. हे लिफ्ट दुरुस्त करतात, पण बोलताना स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात. तासाभराने म्हणाले, "भाच्याशी बोलतो." बोलले. भाचा बावीसला, रविवारी, येऊन नेणार. म्हातारीला हे कळलं. एवढंच म्हणाली, "साहेबाला कोण बघेल?"

मला बरं वाटायला हवं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

म्हातारी जाण्याआधी मासा तरी जेवता करून दाखवावा, म्हणून सोबती आणले. सहा. बोटाएवढे, शेपटीला झालर, काय रंग! कोणाला विचारलं नाही. एवढ्याशाला काय विचारायचं?

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मोजले. एकही नाही. साहेब सरळ उभा, पोट टम्म.

म्हातारी हसली. या घरात तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. "जेवला तरी," म्हणाली. मलाही हसू आवरेना. मग दोघी आपापल्या कामाला लागलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुकानात गेले. म्हातारी म्हणाली, मीही येते. दहा मिनिटांची वाट, पाऊण तास लागला. मी पुढे जायची, थांबायची, चिडायची. शेवटी दंड धरला तिचा. पक्ष्याएवढं वजन.

मासेवाला आमच्यावर उखडलाच. "तोंडात मावतो तो सोबती नव्हे ताई, नाश्ता. साहेबाच्या मापाचा घ्या. आणि स्वभाव बघून घ्या." कपाळावर टेंगूळ असलेला एक तांबडा मासा होता, फ्लॉवरहॉर्न. मला आवडला, तोरा भारी. तर म्हणाला, "हा कोणालाच टिकू देत नाही. मरेपर्यंत एकटाच राहतो." म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मासेवाल्याने उगाच खोकून घेतलं.

म्हातारीनेच निवडला शेवटी. सेव्हरम म्हणतात. पिवळाधमक, बशीसारखा गोल, शांत. "हा भांडण उकरणारा नाही, पण दबणाराही नाही," ती म्हणाली. तोंड बघून ओळखलं म्हणे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

साहेबाने त्याला धू धू धुतला. पंख फाटला. पिवळा वरच्या कोपऱ्यात चिकटून बसलाय. मध्ये जाळी घातली. डोकं फिरलंय माझं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मासेवाल्याला फोन केला. त्याने एकच विचारलं, "नवा सोडण्याआधी दगड हलवलेत का?" नाही. कोणी सांगितलं होतं? म्हणाला, जुन्याला वाटतं हा दगड माझा, ही फट माझी, सगळी टाकी माझी. नवा कुठेही गेला तरी दुसऱ्याच्याच घरात. म्हणून आधी सगळं इकडचं तिकडे करायचं. मग दोघंही नवे. दोघांनाही शोधावं लागतं.

कामावरून येऊन बाह्या वर केल्या, खांद्यापर्यंत हात घातले. म्हातारी स्टुलावरून हुकूम सोडत होती. "तो तिकडे. अहो, तो नाही, पलीकडचा." एक चपटा दगड उरला. साहेब त्याच्याच आड झोपतो. त्याला हात लावला तर म्हणाली, "तो राहू द्या. माझ्या लेकीने आणलेला आहे."

मी हात तसाच पाण्यात ठेवला. इतर वेळी ओरडले असते. काय झालं कोण जाणे, नाही ओरडले.

शेवटी तीच म्हणाली, "हलवा."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जाळी काढली. साहेब हरवल्यासारखा फिरतोय. पिवळाही. दोनदा समोरासमोर आले, बघितलं, वळले. एकच धक्का, तोही हलकाच. म्हातारीने साहेबाला हाताने भरवलं, मी पिवळ्याला. मला भरवता येत नाही. शिकवलं तिने.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

म्हातारीची पेटी भरायला घेतली. कपडे चुरगळलेले होते. सगळ्यांना इस्त्री केली. दवाखान्याची चादर मी मिनिटाभरात उडवते, हिच्या सहा कपड्यांना दोन तास लावले. "बाई, पुरे आता," म्हणाली. मी म्हटलं, सुरकुती राहिलीय.

कुठेच राहिली नव्हती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कामावरून आले तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. वरच्या फळीवर कढया. डबे कपाटात. ताटं खिडकीशी. लेकीची फळी नाही, माझा ओटा नाही, काहीच जागेवर नाही. मधोमध म्हातारी जमिनीवर बसलेली, गुडघे चोळत, नाकावर पीठ.

म्हटलं, हे काय?

"दगड हलवले."

मी पेटी उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले. ह्यांना सांगितलं, भाच्याला फोन करा, येऊ नको म्हणावं.

मग स्वयंपाकाला लागले तर मीठ सापडेना. तिला विचारलं. पाच महिने मला "बाई, तुम्ही" म्हणणारी ती म्हातारी म्हणते –

"मला तरी कुठे आठवतंय? शोध ना गं."