साच्यांना हात लावायचा नाही

प्रिय आई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं तुमच्या हातासारखं नाही पण माझ्या हाताला जमेल तसं केलं. कावळ्याने यायला अर्धा तास लावला आणि आल्यावर नुसता वडा उचलून गेला. खिरीकडे बघितलं पण नाही. म्हटलं, तुम्हीच असणार!

हे सांगायला पत्र लिहीत नाही. मी रागावलेय, म्हणून लिहितेय. जेवणं आटोपली, पाहुणे गेले आणि तुमचा सुधीर माझ्यासमोर येऊन बसला. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी वाईट बातमी सांगताना नवरा डावा कान खाजवतो. म्हणाला, उद्या अकरा वाजता मुंबईच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येणार आहे, साचे न्यायला. आपल्या सगळ्या खेळण्यातल्या गाड्यांचे साचे आणि खोक्यावरचं तुमचं नाव, 'सुमती किट', तेही. मी विचारलं, "कोणाक इचारून?" तर म्हणाला, "आवशीनच सांगल्यान. जावच्या आदी आठ दिवस."

आई, हे खरं आहे? तुम्ही सांगितलंत? माझ्यापाठीमागे?

आता सकाळचे आठ वाजलेत. कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर बसून लिहितेय. चावी माझ्या कमरेला आहे. कारखाना तुम्ही आमच्या दोघांच्या नावावर केलात, म्हणून विक्रीच्या कागदावर दोघांची सही लागते. सुधीरची झाली आहे, माझी व्हायची आहे. तीन तासांत मला तुमच्याशी भांडून घ्यायचं आहे.

मी कसालहून लग्न करून इन्सुलीत आले तेव्हा सासू शिवणकाम करते एवढंच कळलं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चल गो, माप घेवक जावया." मला वाटलं कुणाचा तरी ब्लाउज असेल. तुम्ही मला नेलंत हायवेच्या तपासणी नाक्यावर! मुंबईहून गोव्याकडे जाणारी एक काळी-पिवळी टॅक्सी रांगेत उभी होती. तुम्ही गळ्यातली टेप काढलीत आणि सरळ तिच्या बॉनेटवर टाकलीत. ड्रायव्हर धावत उतरला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गप उभो रव रे दोन मिनटां. तुझी न्हय, गाडयेची कंबर मोजतंय." मी पदर तोंडाला लावून उभी. हसू की पळू, कळेना.

वही ब्लाउजांचीच. 'छाती'च्या रकान्यात बॉनेटची रुंदी, 'बाही'त दाराची लांबी. रात्रंदिवस गाड्या बघणाऱ्या या गावात गाडीकडे तुमच्यासारखं कुणी बघितलं नसेल. "गाडी म्हणजे काय गो? पत्र्याचो झगो. सपाट तुकडे कापूचे, वाकवूचे आणि जोडूचे." तुम्हाला सायकलसुद्धा येत नव्हती, पण बोलणं असं की मोटारीचा शोध तुमच्या माहेरी लागला!

सुरुवात पुठ्ठ्याने झाली. रांगेत अडकलेल्या गाड्यांत पोरं रडायची, तर तुम्ही पुठ्ठ्याची कापलेली गाडी त्यांच्या हातात द्यायचात, घरी जाऊन जोड म्हणून. मग कुडाळच्या लेथवाल्याला पटवून पहिला लोखंडी साचा करून घेतलात आणि प्लॅस्टिक ओतायचं हातमशीन आणलंत. प्रमाण काय ठेवायचं हा प्रश्न तुम्हाला पडलाच नाही. खऱ्या गाडीच्या एका फुटाला आपला अर्धा इंच. टेपवर ते सोपं दिसतं म्हणून! पुढे पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी कळवलं की एकास चोवीस हे प्रमाण तर जगभर चालतं, तुम्ही कुठे शिकलात? तुम्ही म्हणालात, "जगान आमचा बघून घेतला आसात."

जोडणीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही सांगायचात, मी लिहायची. पहिल्याच पत्रकात मी इमानदारीने लिहिलं, 'डावी बाही पाठीला जोडा, मग गळा लावा.' सातारच्या एका बाईंचं पत्र आलं, माझा मुलगा रडतोय, टॅक्सीचा गळा कुठे असतो? आरोंद्याची फिलोमिना तेव्हा नुकतीच कामाला लागली होती. भुवया कोरायच्या चिमट्याने ती दिवे चिकटवायची. ते पत्र ऐकून ती इतकी हसली की हातातला दिवा केसांत गेला आणि आम्ही सगळ्या मिळून तो शोधत बसलो.

आणि ती टॅक्सीची चूक! किट बाजारात गेलं आणि पुण्याच्या त्याच गृहस्थांनी लिहिलं, गाडी मागून बसलेली आहे, चाकं आणि मडगार्ड यांत अंतरच नाही. आपण वही काढली. चूक कुठे झाली ते मला कळलं. तुम्ही मापलेली टॅक्सी भरलेली होती. आत सात माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, टपावर ट्रंका आणि एक शिवणयंत्र. गाडी खाली दबलेली आणि आपण तिचं दबलेलं माप घेऊन साचा केला! नाक्यावर माप घेणाऱ्याकडूनच ही चूक होऊ शकते. मी म्हटलं, साचा बदलू. तुम्ही पोस्टकार्ड मागितलंत आणि लिहायला सांगितलंत, 'कोकणात येणारी गाडी रिकामी कधी बघितलात काय?' एवढंच. खाली सही. त्यांनी परत सहा किट मागवली. आपल्या सगळ्या गाड्यांत तीच जास्त खपली.

काय दिवस होते ते! अकरा बायका, दोन लांब टेबलं, कोपऱ्यात रेडिओ. जीप झाली, साहेबाची पांढरी गाडी झाली, नाकाड्या ट्रक झाला. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याला खोकी जायची. ज्या बायांना घरात बल्ब बदलू देत नव्हते, त्या गाडीची मागची चाकं वळणावर वेगवेगळी का फिरतात यावर वाद घालायच्या.

आता जे बोलणार आहे ते तुम्ही असताना बोलले नाही. ऐकून घ्या.

कारखाना हायवेने बुडाला, मोबाइलने बुडाला, बाहेरून येणाऱ्या तयार गाड्यांनी बुडाला, असं आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. ते खरंच आहे. नाक्यावरच्या रांगा गेल्या, रुंद रस्त्यावरून गाड्या आपल्या पाटीकडे न बघता सुसाट जायला लागल्या. पण अर्धा कारखाना तुमच्या हट्टाने बुडाला, आई! दुकानदार सांगत होते, रंगवून, जोडून द्या, लोकांना वेळ नाही. तुम्ही म्हणालात, "जोडलेली गाडी होयी तर तेंका रस्त्यार फिरतत ती बघूक सांग." फिलोमिनाने सुचवलं, निदान रंग तरी खोक्यात घालूया. नाही! मुलांना घरचा रंग शोधू दे. एकेक करत नऊ बायका घरी बसल्या. त्यांच्यातल्या कुणी तुम्हाला दोष दिला नाही, कारण तुमच्यासमोर बोलायची कुणाची टाप होती? मीही गप्प बसले. माझं चुकलंच. तुमच्याशी तेव्हाच कडाकडा भांडायला हवं होतं.

आणि एवढा हट्ट करणारी बाई, शेवटी सुधीरला सांगते, विकून टाक!

काल मी त्याला खोदून खोदून विचारलं, नेमके शब्द काय? त्याने पुन्हा कान खाजवला. मग म्हणाला, "'शुभाक ह्यातसून सोडव रे,' म्हणाली. 'सोळा वर्सा कुरकुरता बिचारी. माझ्यापाठी ह्यातच मरात.'"

मी उठून आत गेले आणि रडले. खोटं कशाला बोलू?

आई, तुम्ही माझी कुरकुर खरी मानलीत? तुम्ही? आपल्याकडे कुरकुर केल्याशिवाय कोण कधी काम करतो? भात लावताना कुरकुर, काजू गोळा करताना कुरकुर, गणपतीवर फळा-पानांची माटवी बांधताना तर भांडणं. मी रोज म्हणायची, 'पाठ मोडली', 'डोळे गेले', 'कसल्या घरात पडले'. पण रविवारी कारखाना बंद असला की दुपारी चावी घेऊन कोण जाऊन बसायचं? जीपचं पत्रक सात वेळा कुणी बदललं? एकदा तरी विचारायचंत, 'गो, तुका ह्या आवडता काय?' मी 'नाय' म्हटलं असतं बहुतेक. पण तुम्हाला कळलं असतं.

मला सोडवायचा निर्णय तुम्ही कोण घेणार? टेम्पोचा आवाज येतोय. थांबा.

दुपारचा एक वाजला.

व्यापाऱ्याचा मॅनेजर आला होता, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. साचे उचलायला चार गडी, सगळे इन्सुलीचेच, ओळखीचे. मॅनेजर म्हणाला, "ताई, इथे सही करा, की आम्ही लागतो कामाला." सुधीर भिंतीला टेकून उभा. फिलोमिना सकाळीच आरोंद्याहून आली होती, ती दारात.

मी म्हटलं, करते सही. पण साचे जागेवरून हलवायचे तर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. प्रत्येक नव्या साच्याच्या वेळी माझ्या सासूने घातलंय. गड्यांनी लगेच चपला काढल्या. मॅनेजरनेही बूट काढले, चांगला माणूस होता बिचारा. तुम्ही पहिल्यांदा गाऱ्हाणं घातलंत तेव्हा 'बायलमाणूस गाऱ्हाणा घालता' म्हणून वाडीत कुजबुज झाली होती म्हणे. आज कुणी कुजबुजलं नाही. मी मशीनसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज सुमतीच्या कारखान्यात तुझी लेकरां उभी आसत म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्ये साचे ह्याच जाग्यार घडले, ह्याच जाग्यार आमका भाकरी दिल्यानी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज कोणाच्या मनात ह्ये साचे उंबऱ्याभायर काढूचा इला आसात, तर तेका चांगली बुद्धी दी, आणि साच्यांका हात लावतलो तेचो हात हयच थांबव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आई, ते बोलून गेले! सवयीने, एका सुरात, चौघंही. फिलोमिना चर्चमध्ये गाते त्याच आवाजात सगळ्यांत मोठ्याने ओरडली. मॅनेजरसुद्धा हात जोडून शुद्ध मराठीत म्हणाला, "होय महाराजा." गड्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातला वयस्कर होता तो डोकं खाजवत म्हणाला, "वयनी, ह्या काय केलास? आमी होय म्हटलाव."

"मगे?"

"मगे काय? आता आमच्यान उचलूचा नाय."

मॅनेजर चिडला. "अहो, हे काय चाललंय? उचला!" तर दुसरा गडी नम्रपणे म्हणाला, "सायबानु, तुमीव होय म्हटलात. बघा हात लावन." मॅनेजरने साच्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं आणि फोन करायला बाहेर गेला. फोन बराच वेळ चालला. शेवटी टेम्पो रिकामाच गेला.

मी देवाला मध्ये घातलं, हे मला कळतं. सही करणार नाही एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग ते भांडण माझं आणि सुधीरचं झालं असतं, आणि मला ते नको होतं.

सुधीर अजून भिंतीलाच टेकलेला. म्हणाला, "आणि आता? चालवतलंस कसा?" मी म्हटलं, "माका म्हायत नाय." तेच खरं होतं. त्याने सही केलेला कागद घडी करून खिशात घातला. "फाडूचंय नाय," म्हणाला, "पण तेका दिवचंयव नाय. वर्सभर बघ." तुमचा मुलगा आहे, एका झटक्यात 'बरं' कसा म्हणेल? पण नारळ त्यानेच फोडला.

आता ऐका, मी काय करणार आहे ते. बंद पडलेलं मशीन सोमवारी सुरू होईल. मी आणि फिलोमिना आहोतच, जुन्यांतल्या दोघींनाही निरोप गेलाय. खोक्यात रंग घालणार. ज्यांना जोडता येत नाही त्यांनी शनिवारी इथे येऊन टेबलावर बसून जोडावं, आम्ही शिकवू. तुम्ही म्हणाल, "कारखानो काय बालवाडी आसा?" म्हणा. ज्याला तयारच हवी त्याला आम्ही बायका जोडूनही देऊ, इथे, आमच्या हाताने. तुमचे सगळे नियम मोडणार आहे. तुमचं शेवटचं सांगणं तर आजच मोडलं.

मला भीती वाटत नाही असं नाही. वर्षभरात हे सगळं पुन्हा बसू शकतं. लोक म्हणतील, सासूची हौस सुनेने ओढली आणि तोंडावर पडली.

म्हणून तुम्हाला एक वचन देते. कारखाना बुडाला तर मी बुडवला असं सगळ्या गावाला सांगेन, तुमचं नाव मध्ये घेणार नाही. आणि चालला, तर माझ्यामुळे चालला असं सांगेन. तेव्हाही तुमचं नाव घेणार नाही. रागावू नका. तुम्ही माझ्या जागी असतात तर अगदी हेच केलं असतंत.

तुमचं न ऐकणारी,
शुभा
इन्सुली