जोडीची पेन्शन

चाळीसगाव, मंगळवार, दिवेलागण

डोकं नुसतं भणभणतंय. रिटायरमेंटच्या पैशांतून आयुष्यभराची पेन्शन विकत घ्यायची, ॲन्युइटी म्हणे. माझ्या एकट्याची घेतली तर महिन्याला जास्त येते, पण माझ्याबरोबरच संपते. जोडीची घेतली तर कमी येते, पण माझ्यामागे सुमनला चालू राहते. यात विचार कसला करायचा, जोडीचीच, असं मी ठरवूनच घरी आलो होतो.

सुमन भडकलीच. कळण्याच्या भाकरी थापता थापता म्हणाली, "मी तुमना पहिले जासू. मग माले कसाले पेन्शन?"

दर वटपौर्णिमेला ती वडाकडे अहेव मरण मागते. आता जोडीची घ्यायची म्हणजे तिचं मागणं फळणार नाही, असं मीच लिहून दिल्यासारखं. आणि नाही घेतली तर? मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, त्यात बीपी. वडाच्या भरवशावर सही करू?

परत चुलीपाशी गेलो. म्हटलं, "बरं, गेलीस तू आधी. मग मी काय करायचं?"

भाकरी थापायची न थांबता म्हणाली, "तुमले पेन्शन शे ना."