साल्झबर्गला पोचायचं तर

पासिर रिस, सिंगापूर
नोव्हेंबर २०१५

प्रिय रघुवीर,

'प्रिय' लिहिल्याशिवाय पत्र सुरू कसं करतात ते मला माहीत नाही, तेव्हा तेवढं चालवून घे. तुआसच्या यार्डातला तुझा मित्र निशिकांत परवा एमआरटीच्या गाडीत भेटला. तुझं जहाज हॅम्बुर्गला दुरुस्तीला ड्राय-डॉकमध्ये आहे आणि देखरेखीसाठी तू नाताळपर्यंत तिथेच असशील, असं त्याने सांगितलं. पत्ताही त्यानेच दिला. मेसेज करता आला असता, पण मेसेजला लगेच उत्तर द्यावं लागतं. पत्राचं तसं नसतं.

आपली जाई शिकायला वर्षभरासाठी ऑस्ट्रियात, साल्झबर्गला गेली आहे. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला ती सायकलवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. मला फोन आला तो ऑपरेशन झाल्यावर. घाबरण्यासारखं काही नाही, आत प्लेट बसवली आहे. मी वन-नॉर्थच्या ऑफिसात रजा टाकली आणि म्युनिकचं विमान पकडलं. म्युनिकहून साल्झबर्ग म्हणजे गाडीने जेमतेम दोन तास, असं सगळे सांगत होते. पण तेव्हा सीरिया-अफगाणिस्तानातून आलेले लोक ऑस्ट्रियातून जर्मनीत येत होते आणि सरहद्दीवर तपासणी बसली होती. थेट गाड्या बंद होत्या. माझी गाडी फ्रायलासिंगपर्यंतच गेली. ते सरहद्दीच्या अलीकडचं शेवटचं जर्मन गाव. तिथे पोलिसांनी सगळ्यांना उतरवलं. पुढची बस येईना. टॅक्सीवाला म्हणाला, पलीकडे नेईन, पण परत येताना तासन्‌तास रांगेत अडकेन, त्यामुळे नकोच. मग बॅग ओढत मी चालत निघाले. नदीवर पूल आहे, तो ओलांडला की ऑस्ट्रिया.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला माणसांची रांग थांबवून ठेवली होती. पोरं, म्हातारी माणसं, अंगावर राखाडी ब्लँकेटं. ते सगळे मी जिथून आले तिकडे निघालेले, आणि मी त्यांच्या उलट. बॅग घेऊन पुढे जायला जागाच नव्हती. एका अफगाण माणसाने माझ्याकडे पाहून हिंदीत विचारलं, "आप उल्टी तरफ क्यों जा रही हैं?"

"मेरी बेटी है उधर," मी म्हटलं.

त्याने मागे वळून आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. माणसं बाजूला सरकली आणि मला वाट मिळाली. मी त्याचे आभार मानले की नाही, ते आता आठवत नाही.

जाईकडे मी तीन आठवडे होते. वरणभात, औषधं, कुबड्या घेऊन खोलीतल्या खोलीत फेऱ्या. तिने कुरकूर केली नाही. ती तुझ्यासारखीच गप्प राहते. घरी चल म्हटलं तर नाही म्हणाली, वर्ष वाया जाईल म्हणून. तू पाठवलेल्या मेसेजना ती उत्तर देत नव्हती, ते मला इथे असतानाच माहीत होतं. तू ते पाठवायचे बंद केलेस, हे तिच्या लक्षात आलं आहे, ते मात्र तिथे कळलं. एकदा भात कालवता कालवता म्हणाली, "बाबा दर रविवारी समुद्राचा फोटो पाठवायचा."

माझी रजा संपली, मी परत आले. तिच्या शेजारच्या खोलीतली योगिनी तिला बाजारहाट करून देते, पण ती महिनाअखेरीस नागपूरला जाणार आहे. जाईला कुबड्यांवर जानेवारीपर्यंत तरी दिवस काढायचे आहेत. निघताना मी म्हटलं, बाबाला सांगू का? ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ही वोन्ट कम, लाह. डोन्ट आस्क."

मी विचारणार नाही असं तिला कबूल केलं आहे, म्हणून विचारत नाही. फक्त रस्ता सांगते. हॅम्बुर्गहून म्युनिकला सकाळची गाडी घे. म्युनिकहून थेट बस मिळते, पण परत येताना ती सरहद्दीवर फार अडकते. भाड्याची कार घेतलीस तरी तेच. त्यापेक्षा फ्रायलासिंगपर्यंत साधी गाडी बरी. तिथून बस नसली तर सरळ चालायला लाग. पूल ओलांडला की लीफरिंग नावाची वस्ती लागते. चर्चच्या मागची पिवळी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बेल वाजवलीस की लगेच परत फिरू नकोस. तिला दारापर्यंत यायला वेळ लागतो.

जाईची आई,
प्रेमा