स्वराच्या हातची भवानी

बोईसर,
४ एप्रिल २०२५

ती. येसूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोनवर मी ओरडते, तू बरं बरं म्हणतेस आणि ऐकलेलं काहीच नसतं. कानाचं मशीन डब्यात ठेवून त्याची पूजा करतेस की काय? म्हणून कागद घेतला.

आमच्या बालशाळेच्या मदतीसाठी ऑर्केस्ट्रा ठेवला होता, तो पार पडला. आमची मुलं तीन ते आठ वर्षांची. कुणाला चालता येत नाही, कुणाला बोलता. सालवडहून पाच जणं महादूच्या रिक्षातून येतात. महादू जूनपासून कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागतोय, आणि या मुलांना उचलून बसवायला दुसरा रिक्षावाला तयार नाही. जूनच्या आत शाळेची गाडी आली नाही तर पाचही घरी बसतील. त्यात पाच वर्षांची स्वरा आहे. आता कुठे वॉकर धरून उभी राहायला लागली आहे. घरी बसली तर तेही जाईल. आई कारखान्यात पॅकिंगला जाते, ती किती करणार? मला सध्या दुसरं काही सुचत नाही.

ऑर्केस्ट्रा ही आमचे अध्यक्ष चंद्रभान सर यांची कल्पना. स्टेजवर बावीस माणसं आणि खाली एकोणीस. जमलं त्यातलं बरंच शाली आणि गुच्छांतच गेलं. एकाने पुठ्ठ्याचा भलामोठा चेक दिला, तो शाळेच्या दारातून आत येईना. शेवटी वाकवून आणला. आता मुलं त्याचं घर करून खेळतात. जुनी गाडी ठरवली आहे, पण चाळीस हजार कमी पडताहेत.

दुसरं एक काम आहे. मुलांना बाजार शिकवायचाय. प्रत्येकाच्या हातात दहाची नोट, ज्याने त्याने काहीतरी विकत घ्यायचं. पालघरच्या बाजारात तुमच्या मासळीवाल्यांच्या रांगेत आणू का?

लोभ असू दे, आणि जमल्यास चार बोंबील.

तुझी,
स्नेहा

*

सातपाटी,
११ एप्रिल २०२५

चि. स्नेहास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमनने दारातच विचारलं, कोर्टाचं आहे का म्हणून. मशीनला खारी हवा बाधते, म्हणून ते डब्यात असतं. शिवाय रांगेतली अर्धी भांडणं ऐकू येत नाहीत, तेवढंच माझं आयुष्य वाढतं.

तुमच्या अध्यक्षांना माझा नमस्कार सांग. शाली कुणाकुणाला दिल्या ते विचार आणि थंडी पडली की परत मागून आण. नाहीतरी पालघर जिल्ह्यात शाल पांघरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मुलांना आण, पण दहानंतर आण. सकाळी आमची घाई असते. टोपल्या उतरवायच्या, पाणी मारायचं, त्यात पोरं पायाखाली येतील. आमच्या रांगेतल्या रत्नाबाईपासून जरा लांबच राहा. गेल्या महिन्यात एक साहेब भाव विचारून नुसताच निघाला, तर तिने त्याला पार स्टेशनपर्यंत ऐकवलं.

तू काय बाजार शिकवणार, देव जाणे. कोलंबी सोलताना डोळे मिटतेस. कॉलनीत वाढलं की असंच होतं, त्यात तुझा दोष नाही, माझ्या भावाचा आहे. बोंबील पाठवते. ते डब्यात ठेव, कपाटात नको. मागच्या खेपेला तुझ्या साड्यांची काय दशा झाली होती ते आठव.

तब्येतीला जप. आणि पुन्हा सांगते, दहानंतर.

तुझी आत्या,
येसूबाई

*

बोईसर,
२७ एप्रिल २०२५

ती. येसूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारपासून मला चैन नाही. काहीतरी चुकलं हे कळतंय, काय चुकलं ते कळत नाही.

तू दहानंतर सांगितलं होतंस. पण महादूला दुपारचं भाडं होतं, त्याने सहालाच निघायला लावलं. सातला आम्ही तुमच्या रांगेसमोर. टोपल्या तर लागलेल्या होत्या. बाकीच्या मुलांना घेऊन मी मागे राहिले, आणि स्वरा वॉकर ढकलत नेमकी रत्नाबाईसमोर जाऊन थांबली. बोंबलांच्या वाट्यावर बोट ठेवलं आणि दहाची नोट पुढे केली.

सगळी रांग बघायला लागली. रत्नाबाई एकदा नोटेकडे बघे, एकदा पोरीकडे. मग तिने अख्खा वाटा उचलून पिशवीत घातला, नोट कपाळाला लावली आणि म्हणाली की घेऊन जा पोरी, भवानीचं गिऱ्हाईक हाय, परत नाय धाडायचं. मी उरलेले पैसे द्यायला गेले तर माझ्यावरच डोळे वटारले. स्वरा खूश. रिक्षात कुणाला पिशवीला हात लावू दिला नाही. तिच्या आईने त्या रात्री त्याचं कालवण केलं म्हणे.

पण तू मान खाली घालून बसलीस ती वर केलीच नाहीस. मी हाक मारली, तीही ऐकली नाहीस. मशीन नव्हतं म्हणून की रागाने? जे असेल ते स्पष्ट लिही, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी चालेल.

चाळीस हजारांचे अजून पस्तीस बाकी आहेत. चंद्रभान सर आता कविसंमेलन ठेवू म्हणताहेत.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
स्नेहा

*

सातपाटी,
२ मे २०२५

चि. स्नेहास,
अ. उ. आ.

आधी ते कविसंमेलन थांबव. पस्तीसाचे पन्नास होतील.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, एवढं तरी तुझ्या बापाने तुला सांगायला हवं होतं. पहिलं गिऱ्हाईक रिकामं परत पाठवायचं नाही, नाहीतर दिवस फुकट जातो. म्हणून आम्ही बायका पहिला पाय कुणाचा पडतो याकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. तुझ्या स्वराने दोनशेचा वाटा दहाला नेला आणि रत्नाबाईला नाही म्हणायची सोय ठेवली नाही. तीस वर्षांत तिला असं कुणी गाठलं नव्हतं.

बायका म्हणाल्या, आज रत्नाचा दिवस गेला. पण अगोटीचे दिवस. पावसाआधी लोक चार महिन्यांची सुकी मासळी भरून ठेवतात. नवाच्या आत तिची टोपली रिकामी. दुसऱ्या दिवशी तिघीजणी हळूच माझ्याकडे आल्या, ती पोर परत कधी येणार म्हणून. मी सांगितलं, पोर येईल, पण फुकट नाही. ज्या शुक्रवारी येईल, त्या शुक्रवारची भवानी तिच्या गाडीला द्यायची. दहा रुपये पोरीचे, बाकी वाट्याची किंमत तुमच्या पदरची.

झालं, रांगेत कालवा. भवानीचा पैसा कुणी कुणाला देतं का? शेवटी रत्नाबाईनेच निकाल दिला. दिवस मावळेपर्यंत पैसा कमरेच्या पिशवीत राहील, मग द्यायला हरकत नाही. ती बोलली की आमच्याकडे वर कोर्ट नाही.

तेव्हा सुट्टी असली तरी दर शुक्रवारी मुलांना सातला आण. चाळीस बायका आहेत, आळीपाळीने लावते. गिऱ्हाइकांनाही सांगू, तीही सोडतील काहीतरी.

तुझ्यावर रागावले नव्हते. ते सोड.

तुझी आत्या,
येसूबाई

*

बोईसर,
९ जून २०२५

ती. येसूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बायकांच्या भवानीत गिऱ्हाइकांनी सोडलेल्या पैशांची मोठी भर पडली, आणि पस्तीस पूर्ण होऊन वर थोडे उरले. मी दोनदा मोजले, चंद्रभान सरांनी चारदा, आणि मग ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. सोळाला शाळा उघडते, त्याच दिवशी गाडी येणार.

आता सांगायला हरकत नाही, मला पूर्ण महिनाभर भीती होती. आज पोरीला लक्ष्मी म्हणतात, उद्या माल खपला नाही तर काय म्हणतील? तिसऱ्या शुक्रवारी रत्नाबाईची टोपली एक वाजेपर्यंत तशीच होती, तेव्हा मी स्वतःच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पण ती म्हणाली की बोंबील नीट सुकले नव्हते, त्यात पोरीचा काय दोष. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तिने पडू दिलं नसतं.

गाडीपुढे नारळ तू आणि रत्नाबाईने फोडायचा आहे. सरांनी दोन शाली आणल्यात. रत्नाबाईने विचारलंय, शालीऐवजी प्लास्टिकचा क्रेट मिळेल का?

एक मात्र माझ्या लक्षात आलं. सगळ्या रांगेत स्वरा फिरली, तुझ्याकडे एकदाही नाही. आम्ही पोचायच्या आत तुझी भवानी झालेली असायची. रत्नाबाईला विचारलं, तर म्हणाली, तिने तुला दहानंतर का बोलावलं होतं ते तिलाच विचार. म्हणून विचारते. नसेल सांगायचं तर कान नसल्याचं सोंग कर, ते तुला छान जमतं.

भेटीची वाट बघतेय.

तुझी,
स्नेहा

*

सातपाटी,
१९ जून २०२५

चि. स्नेहास,
अ. उ. आ.

गाडी छान आहे. मशीन घालून आले होते हे तू पाहिलंस, पण बोलली नाहीस. अध्यक्षांचं भाषण ऐकून ते पुन्हा डब्यात ठेवलं. स्वराला गाडीतला पट्टा बांधायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. तीनदा चुकली, चौथ्यांदा लावला, आणि मग मला खाली उतर म्हणाली.

तू विचारलंस, तर सांगते. सकाळची घाई वगैरे काही नव्हती. तशी मुलं भवानीला समोर नकोत, अपशकुन होतो असं मानत आले, म्हणून दहानंतर म्हटलं होतं.

तुला एक धाकटी आत्या होती, बायडी. तू जन्मायच्या आधी गेली. तिच्या पायांत बळ नव्हतं. दिवसभर ओटीवर बसून जवळा निवडायची, तिच्याइतका स्वच्छ जवळा गावात कुणाचा नसे. शाळा तिला कुणी दाखवली नाही. बाजाराला निघताना तिचं तोंड दिसू नये म्हणून आई मला पाटी घेऊन मागच्या दाराने पाठवायची. आई गेल्यावरही मी मागूनच जात राहिले. एकदा मागे गुडघाभर चिखल झाला होता. बायडीने ओटीवरून हाक मारली, की मी भिंतीकडे तोंड करून बसते, तू पुढून जा. स्नेहा, मी त्या दिवशीही चिखलातूनच गेले.

त्या शुक्रवारी स्वरा रांगेत आली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. भवानी आधी उरकून घेत होते तीही शरमेनेच. रत्नाबाईने बायडीला पाहिलेलं आहे, तिला सगळं ठाऊक होतं.

सोमवारी तुझ्याकडून आले, तेव्हापासून पुढच्या दाराने निघते. ओटीवर आता कुणी नसतं. तरी तिथे क्षणभर पाटी टेकवते.

शाल रत्नाबाईने नेली, टोपलीवर घालायला बरी आहे म्हणाली. उद्याच्या शुक्रवारी हे पत्र पोचणार नाही, म्हणून त्याच्या पुढच्या शुक्रवारचं लिहिते. स्वराला आण. दहा रुपये तिचे तिला धरू दे, आणि रत्नाबाई हाक मारेल तिकडे लक्ष न देता पहिलं माझ्याकडे आण. म्हातारीवर जीव असेल तर एवढं कर.

दहानंतर नको. सातला आण. मी थांबते.

तुझी आत्या,
येसूबाई